माया

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. ब्लाउजच्या दोन्ही कुशींत, बाहीच्या आत दीड-दोन बोटं कापड राखून ठेवायचं, म्हणजे पुढे अंग भरलं की टीप उसवून तेवढं बाहेर काढता येतं. विरारजवळ बोळींजला आमच्या इमारतीमागच्या बैठ्या चाळीत एक मावशी शिवणकाम करतात. 2022च्या डिसेंबरात, भाच्याच्या लग्नाला आठ दिवस असताना, मी माझ्या लग्नातल्या हिरव्या शालूचा ब्लाउज घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो उलटा केला आणि कुशीची शिवण दोन्ही अंगठ्यांत ताणून दिव्याखाली धरली. कापडावर सुईच्या भोकांच्या तीन रेघा एकीपुढे एक दिसत होत्या. पहिली लग्नातली, दुसरी मुलगी झाल्यानंतरची, तिसरी लॉकडाउन उठल्यानंतरची. चौथीला जागा नव्हती.

"ताई, माया संपली यातली," मावशी म्हणाल्या.

त्यांनी ते कामातलं म्हणून सांगितलं. मी ब्लाउज पिशवीत घातला आणि घरी निघाले. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा थांबले, कठड्याला धरून. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले. 74 किलो. उंची पाच फूट एक इंच, वय सेहेचाळीस.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला लावलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती चाचणी 6.1 आली. 5.7च्या खाली असावी, 6.5ला मधुमेह म्हणतात, आणि मी मध्ये उभी. त्यांनी रागावणं, घाबरवणं काही केलं नाही. कागद बाजूला ठेवून एवढंच विचारलं, "तुम्हाला भूक कधी लागते?"

मला उत्तर देता आलं नाही. जेवणाच्या वेळा सांगता आल्या, भुकेची वेळ सांगता येईना.

त्या प्रश्नाने मला पुढचे कित्येक दिवस सोडलं नाही. मी काय खाते याचा विचार मी आधीही केला होता, सगळ्याच बायका करतात. पण का खाते, हे कधी पाहिलं नव्हतं. पाहायला लागले तेव्हा लक्षात आलं की दिवसभरात भुकेपोटी खाल्लेला घास जवळजवळ नव्हताच. सकाळी डबे भरताना पोळीचा तुकडा, मीठ बरोबर आहे ना बघायला. ऑफिसात पोचल्यावर चहा-बिस्किट, कारण सगळ्या जणी घेतात. कुणाचा वाढदिवस म्हणून समोसा, नाही म्हटलं तर तिला वाईट वाटेल. संध्याकाळी अंधेरी स्टेशनबाहेर वडापाव, कारण विरार गाडीत उभं राहायचंय आणि जेवण व्हायला दहा वाजणार. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांची ताटं उचलल्यावर, ओट्यापाशी उभ्याने खाल्लेलं ते. पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात, मुलीने टाकलेली अर्धी पोळी, वाटीभर उरलेलं वालाचं बिरडं. टाकवत नाही म्हणून. उद्या कोणी शिळं खाणार नाही म्हणून. हे खाणं मी जेवणात कधी धरलंच नव्हतं, ते घर आवरण्यातलं एक काम होतं. भांडी घासायला टाकायची, ओटा पुसायचा, उरलेलं संपवायचं. आईला तसंच करताना पाहिलं होतं, सासूबाईंनाही. आपल्याकडच्या बायकांच्या अंगावर चढलेल्या वजनात या उरल्यासुरल्याचा वाटा किती असेल, याचा हिशेब कुणी केला असेल असं मला वाटत नाही, आणि तो व्हायला हवा.

व्यायामही हवा असं मी ठरवलं, आणि सायकल घरात होतीच. मुलीला आठवीत घेऊन दिलेली, दोन वर्षं वापरून इमारतीच्या पार्किंगमध्ये खांबाला टेकून ठेवलेली. दोन्ही टायर बसलेले, चेनवर गंजाची पूड. नाक्यावरच्या सायकलवाल्या काकांनी ट्यूब बदलल्या, चेन रॉकेलमध्ये बुडवून घासली, ब्रेकची रबरं नवी टाकली, आणि सीट वर करता करता विचारलं, "मुलगी परत चालवायला लागली का?" मी म्हटलं, "मीच चालवणार आहे." ते काही बोलले नाहीत. सीट माझ्या उंचीला लावून दिली, घंटी दोनदा वाजवून बघितली. वर नवी घंटी बसवली तिचे पैसे घेतले नाहीत.

वसईतलं निर्मळ माझं माहेर. आमच्या घरी एकच सायकल होती, आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, काळी, चोवीस इंची, दांड्याची. त्या सायकलचं कॅरिअर साधं नव्हतं. लोहाराकडून पट्ट्या मारून रुंद करून घेतलेलं, आणि त्यावर जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी फुलांच्या करंड्या आवळून बांधलेल्या. पहाटे साडेतीनला आबा निघायचे. नालासोपारा स्टेशनपर्यंत सायकल, तिथून गाडीने दादरचा फुलबाजार. मोगरा, चाफा, जास्वंद, तगर. परत येऊन वाडीत. दुपारी ती सायकल अंगणात रिकामी असायची, आणि तेव्हा आम्ही भावंडं ती पळवायचो. सीटवरून पाय पोचत नसत, म्हणून दांड्याखालून पाय घालून, अंग वाकडं करून मारायची. निर्मळच्या तळ्याला फेरी घालताना वाऱ्याने परकर पायात यायचा. पंधराव्या वर्षी आईने सांगितलं, आता पुरे. तेव्हापासून एकतीस वर्षं मी सायकलवर बसले नव्हते.

आबा ताटात भाताचा डोंगर घेत. वर माशाचं कालवण, जोडीला तांदळाची भाकरी. आणि अंगावर मूठभर मांस नाही. आबांच्या बासष्टाव्या वर्षी भावाने टेम्पो घेतला, फुलं टेम्पोतून जायला लागली, सायकल गोठ्यात गेली. भात मात्र तेवढाच राहिला. पाच वर्षांत आबांचे हातपाय काडीसारखेच राहिले, पोट तेवढं पुढे आलं, आणि साखर निघाली. नातेवाइकांना पटेना. एवढा बारीक माणूस, त्याला कसला मधुमेह!

याचं उत्तर मला खूप नंतर, पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाविषयी वाचताना मिळालं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच एक फोटो छापला. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक असतोच असं नाही, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. म्हणून तर आपल्यासाठी रेषा अलीकडे ओढलेल्या आहेत: जगात हा निर्देशांक 25च्या वर गेला की वजन जास्त धरतात, भारतीयांसाठी 2009 मध्ये तज्ज्ञांनी ती रेषा 23वर आणली. बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत हवी. माझी 98 भरली. आबांची कोणी मोजली नव्हती, पण त्यांचा पट्टा मला आठवतो. त्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती.

जानेवारी 2023च्या पहिल्या आठवड्यात मी पहाटे पाच वाजता सायकल काढली. पहिल्या दिवशी आगाशीपर्यंतही गेले नाही. मांड्या पेटल्या, तोंड सुकलं, हँडल हातात थरथरत होतं. रिक्षावाले स्टेशनाकडे निघाले होते. एकाने वेग कमी करून, काही न बोलता, मला कडेने पुढे जाऊ दिलं. आठवड्याने आगाशी. तीन आठवड्यांनी अर्नाळा. तिथे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असतात, आणि त्यांच्या फटींतून समोर पाण्यातला किल्ला उजळत जाताना दिसतो. जाऊन-येऊन बारा किलोमीटर. घरी साडेसहाला, अंघोळ, डबे, 8च्या आतबाहेरची गाडी.

रविवारी मात्र उलट्या दिशेला, माहेरी. नंदाखाल, नाळे, वाघोली, निर्मळ. हा रस्ता मी मोटारीने, रिक्षाने, एसटीने शेकडो वेळा केला होता, आणि मला तो माहीत आहे असं वाटायचं. सायकलने कळलं की काचेच्या आतून फक्त रस्ता दिसत होता. सायकलवर आधी वास येतो. केळीच्या वाडीचा ओला, थोडा आंबट वास, पाटाच्या पाण्याचा, शेणाचा, कुणाच्या तरी चुलीवर पहिल्या भाकरीचा. बावखलांवर, म्हणजे वाड्यांमधल्या तळ्यांवर, हिवाळ्यात धुकं बसतं, आणि त्यांच्या काठाने जाताना अंगाला एकदम गारवा लागतो. दहा पायडल मारली की पुन्हा कोमट हवा. नंदाखालला चर्चमधून पहिल्या मिस्साच्या घंटा, वाघोलीला देवळाची. चढ म्हणावा असा चढ कुठेच नाही. तरी समुद्रावरून वारा सुटला की सपाट रस्ताही घाटासारखा चढावा लागतो, हे मला आबांनी कधी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं ते या वाऱ्यात करंड्या बांधून गेले होते.

झाडांखालचा हा रस्ता आपोआप शिल्लक राहिलेला नाही, हेही इथे लिहायला हवं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यावर इमारतींची चढाई सुरू झाली, विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जाऊ लागलं, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, या नंदाखालचेच. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने त्यांना लेखक म्हणून पाहिलं. आमच्यासाठी ते आमची झाडं आणि विहिरी राखणारेही होते. 2024च्या जुलैत ते गेले. मी ज्या सावलीत माझी साखर उतरवली, ती सावली कुणीतरी मोर्चे काढून, धमक्या सोसून राखलेली आहे. स्वतः राहते त्या बोळींजच्या उंच इमारतींतून निघून त्या सावलीत शिरताना दर रविवारी मला याची आठवण होते.

आणि तीन महिने एवढी सायकल मारून वजन उतरलं फक्त दीड किलो.

मार्चअखेर काट्यावर उभी राहिले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. चूक कुठे होती ते मी कागदावर मांडलं. माझ्या वजनाच्या बाईने बेताच्या वेगाने पाऊण-एक तास सायकल चालवली तर साधारण तीनशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात जवळपास तेवढ्याच असतात. सकाळी सायकल मारली म्हणून संध्याकाळचा वडापाव मी अधिक निश्चिंतपणे खात होते. सायकलने कमावलेलं स्टेशनबाहेर पाच मिनिटांत जमा होत होतं. नुसत्या व्यायामाने वजन फारसं हलत नाही, ते ताटातच हलतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

ताटाविषयी सल्ल्यांना तोटा नव्हता. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनच जेवणांची पद्धत 2018च्या सुमाराला महाराष्ट्रात घरोघरी पोचली होती. त्यामागचा मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, असं ते स्वतः आवर्जून सांगतात. कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ओळखायच्या, पंचावन्न मिनिटांत जेवण उरकायचं, मधे काही नाही. दुसरीकडे ऋजुता दिवेकर सांगत होत्या की आजीचं जेवण सोडू नका, भात-तूप-वरण खा, केळं खा, थोडं थोडं खा. आमच्या बायकांच्या डब्यात यावरून विरारपासून बोरिवलीपर्यंत चर्चा चालायची आणि दोन्हीकडच्या बायकांची वजनं उतरलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. मी दोन्हींतून एकेक गोष्ट घेतली. एकीकडून, दोन जेवणांच्या मधलं खाणं बंद. दुसरीकडून, घरचं, वसईचं खाणं सोडायचं नाही. केळ्याने वजन वाढतं असं मला पाच जणींनी सांगितलं. पण केळीच्या वाडीत वाढलेल्या मुलीने वेलची केळं सोडायचं, आणि बिस्किटाचा पुडा तसाच चालू ठेवायचा, हे मला पटलं नाही.

दिवसाचे पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचाभर साखरेच्या वीस कॅलरी धरल्या तरी दिवसाच्या दोनशे. चहा दोनवर आणला आणि साखर हळूहळू काढली. महिनाभर चहा औषधासारखा लागला, मग दुधाची गोडी कळायला लागली. रात्री भाकरी एक, भात दोन डाव, आणि ताटात आधी भाजी, मूग किंवा चवळीची उसळ, असतील तर बोंबील नाहीतर अंडं. जेवण दहावरून आठवर आणलं. मी आले की लगेच जेवते, बाकीचे त्यांच्या वेळेला. याला घरात बरेच दिवस लागले. सासूबाईंना वाटलं, सून वेगळी जेवायला लागली. मी त्यांच्याजवळ बसून रिपोर्ट दाखवला, 6.1चा आकडा सांगितला. त्यांच्या दोन बहिणी साखरेने गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधी त्यांनी भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या.

आणि उरलेलं. ते सगळ्यांत अवघड गेलं. मी तांदूळ तीन वाट्यांवरून दोनवर आणले, म्हणजे उरणंच कमी झालं. जे उरेल ते डब्यात, डबा फ्रिजमध्ये, सकाळी फोडणीचा भात. आईच्या वेळी फ्रिज नव्हता. तिला पोट हीच एक जागा होती. पातेल्याच्या तळाशी भाताचे चार दाणे राहिलेले असताना ते पाण्यात बुडवायचे, हे पहिल्या रात्री माझ्याने झालं नाही. दोन घास खाल्ले आणि मग ओट्यापाशीच उभी राहून रडले. आता लिहितानाही त्या रडण्याचं कारण मला नीट सांगता येत नाही. भाताचं ते नव्हतंच.

मग, एप्रिलात कधीतरी, भूक लागली.

रविवार नव्हता, ऑफिस होतं. साडेअकराच्या सुमाराला पोटात, बरगड्यांच्या खाली, काहीतरी हललं. आधी वाटलं पित्त असेल. डोकं दुखत नव्हतं, चिडचिड नव्हती, कुणी समोर काही खात नव्हतं. नुसती एक पोकळ, स्वच्छ जाणीव. मी बसून राहिले. ती गेली, वीस मिनिटांनी पुन्हा आली, थोडी वाढून. एक वाजता डबा उघडला तेव्हा थंड भाकरीला आणि वांग्याच्या भाजीला जी चव होती ती मला शाळेतून धावत घरी यायचे त्या दिवसांनंतर मिळाली नव्हती.

भूक अशी लाटांनी येते हे मी नंतर वाचलं. जठरात घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. आपल्या रोजच्या खाण्याच्या वेळेआधी ते रक्तात चढतं आणि नंतर, खाल्लं नाही तरी, उतरतं. म्हणजे पाच चहाच्या पाच वेळा मीच माझ्या पोटाला शिकवल्या होत्या. आपल्या भाषेने हे केव्हाच वेगळं काढून ठेवलंय: भूक निराळी, वखवख निराळी. वखवखीला अमुकच हवं असतं, तळलेलं, गोड, आत्ता. भुकेला भाकरीही चालते. वखवख डोळ्यांना होते, तोंडाला होते. भूक पोटातच लागते. उपवासांचा मूळ हेतूही कदाचित हीच ओळख राहावी असा असेल. आमच्याकडे एकादशी, चातुर्मास. माहेरच्या शेजारी ख्रिस्ती घरांत राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस. एकादशी आणि दुप्पट खाशी असं आपण म्हणत आलो, आणि साबुदाण्याच्या थाळ्या भरत आलो.

पण त्याच वाचनातली दुसरी गोष्ट मला गंभीर करून गेली. मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिलं की वजन उतरवल्यावर वर्ष लोटलं तरी माणसाच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं चढलेलीच राहतात. गेलेलं वजन परत आणायला शरीर आतून ओढत असतं. वजन पुन्हा चढलेल्या माणसाला आपण निश्चय नव्हता असं सहज म्हणतो. मीही म्हटलं आहे, माझ्या एका मैत्रिणीला, तोंडावर. ते वाचल्यावर मी तिला फोन केला.

वजन कसं परत चढतं ते पावसाने मलाही दाखवलं. जूनच्या अखेरीस एका खोदून ठेवलेल्या रस्त्यावर पाणी भरलं होतं, खड्डा दिसला नाही, पुढचं चाक आत गेलं आणि मी हँडलवरून डाव्या हातावर पडले. मनगटाचं हाड चिरलं. पाच आठवडे प्लास्टर. घरात बसून, बाहेर वसईचा तो सरळ कोसळणारा पाऊस, आणि डाव्या हाताने काही करता येत नसल्यामुळे जो येईल तो मला काहीतरी खायला आणून देत होता. भजी, शेवया, आगाशीचं भुजिंग. दोन किलो परत चढले. प्लास्टर काढल्यावर सायकलपाशी गेले तर हात हँडलला लागेना, भीती वाटत होती. सायकलवाल्या काकांनी मधल्या काळात न सांगता चेनला तेल देऊन ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये मी फक्त इमारतींच्या मधल्या रस्त्यावर फेऱ्या मारल्या. गणपतीनंतर पुन्हा अर्नाळा.

वजन उतरताना लोकांच्या बोलण्याची तऱ्हाही बदलत गेली. पाच किलोला कुणाच्या लक्षात आलं नाही. आठ किलोला शेजारणी म्हणाल्या, छान. दहा किलोला विचारायला लागल्या, "बरं नाही का तुम्हाला?" आपल्याकडे भरलेली बाई म्हणजे सुखात असलेली बाई, आणि उतरलेली म्हणजे घरात काहीतरी बिनसलेली. आईचं तर काही विचारूच नका. दर रविवारी दारात सायकल लावली की ती आधी माझ्या गळ्याच्या हाडाला हात लावून बघायची. "बाय, हाडं वर आली गं. काय जाळतेस जीव?" आणि मग ताट. कार्तिकातल्या निर्मळच्या यात्रेत तिने माझ्यासाठी सुकेळ्यांची दोन पुडकी घेऊन ठेवली होती, सोनेरी, मधासारखी चिकट, केळीच्या पानात आवळून बांधलेली. मी एक सुकेळं खाल्लं आणि पुडकं बांधून ठेवलं. तिने तोंड फिरवलं. आईच्या हातचं नको म्हणायला मी सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकत होते, आणि तिला ते लागत होतं. तिच्यापाशी मला द्यायला दुसरं काय होतं?

डिसेंबरातल्या एका रविवारी वारा समोरून होता. वाघोलीपासून पुढे जोरात, अंगातली सगळी ताकद काढून घेणारा. निर्मळला पोचले तेव्हा पाय लटपटत होते. अंगणात मडकं चुलीवर उपडं घातलेलं, आत उकडहंडी: कोनफळ, रताळी, वालपापडी, वांगी, पाल्याच्या वासासकट शिजत होती. मी हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसले.

"आई, भूक लागलीय. वाढ."

ती पातेल्याचं झाकण हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग ताट घेतलं. गरम भाकरी, उकडहंडी, वर कच्चं तेल. मी जेवले. बोलले नाही, इकडेतिकडे बघितलं नाही, भाकरीच्या कडेने वाटी पुसून घेतली. तिने दुसरी भाकरी पुढे केली आणि मी अर्धी घेतली. उरलेली अर्धी तिने परत टोपलीत ठेवली, माझ्या ताटात टाकली नाही.

"आबा असेच जेवायचे गं दादरहून आले की," ती म्हणाली. "आल्या आल्या, इथंच, उंबऱ्यावर."

गळ्याच्या हाडाला तिने त्या दिवशी हात लावला नाही.

मार्च 2024 मध्ये मी पुन्हा काट्यावर उभी राहिले. 62. साखरेचा आकडा 5.5. कंबर अजून 86, म्हणजे सहा सेंटिमीटर राहिले आहेत आणि ते जातील की नाही मला माहीत नाही. ढोबळ हिशेबाने किलोभर चरबी म्हणजे 7,700 कॅलरी. बारा किलो, चौदा महिने. भागाकार केला तर रोजचे सव्वादोनशेही होत नाहीत. ज्या साखरेच्या चहाविषयी मी वर लिहिलं, तेवढेच जवळपास. तो भागाकार मी तीनदा करून पाहिला.

चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं. ब्लाउज घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी मला तो घालून उभं केलं, दोन्ही कुशींत चिमटीने कापड धरलं, टाचण्या लावल्या, मग काढून उलटा केला. ब्लेडच्या टोकाने तिसरी टीप उसवली. धागा एका ओढीत निघाला. खाली ती भोकं होती, दुसरी रेघ आणि तिच्याही आत पहिली, सव्वीस वर्षांपूर्वीची, फिकट, जवळजवळ बुजत आलेली.

"पहिलीपर्यंत नाही जाणार," त्या चष्मा वर करून म्हणाल्या. "दुसरीवर मारते."

"मारा," मी म्हटलं.

मशीन चाललं. टाचण्या त्यांनी एकेक करून ओठांत धरल्या. सुई जुन्याच भोकांवरून गेली, आणि उरलेलं दीड बोट हिरवं कापड त्यांनी आत दुमडून नखाने दाबून बसवलं. "माया आत ठेवलीय हां," त्या म्हणाल्या, "कापायची नाही ती."

ब्लाउज कागदात गुंडाळून मी कॅरिअरला लावला आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळला.